७.१० सकाळचे की संध्याकाळचे? एकनाड, आठवा मंगळ आणि दोन ज्योतिषांची दोन उत्तरं

नमस्कार. तुमचा प्रश्न दोनदा वाचला आणि तुम्ही लिहिलेल्या दोन्ही पत्रिका वहीत मांडून पाहिल्या. बाकीच्यांसाठी आधी थोडक्यात सांगते. तुम्ही ऐरोलीचे. मुलगी अठ्ठावीस वर्षांची, तिने ऑफिसमधलाच कळव्याचा मुलगा पसंत केला आहे. दोन्ही घरं भेटली, कुणाची ना नव्हती. मग "एकदा पत्रिका बघून घेऊ" म्हणून तुम्ही एका ज्योतिषांकडे गेलात. त्यांनी सांगितलं की ३६ पैकी २० गुण जुळतात, पण एकनाड आहे, म्हणजे दोघांची नाडी एकच, मुलाचा राक्षसगण आहे आणि मंगळ आठवा, म्हणजे त्याच्या पत्रिकेतल्या आठव्या स्थानात आहे. लग्न झालं तर दोन वर्षांत मुलीच्या जिवाला धोका. त्यावर उपाय म्हणून ५१ हजारांची शांत, तीही अकरा दिवसांच्या आत. तुम्ही घाबरून दुसरीकडे गेलात, तर तिथे ३३ गुण निघाले, नाड वेगळी, मंगळ नाही, डोळे मिटून लग्न करा. तेव्हापासून मुलीची आई धड जेवत नाही, रात्री उठून बसते. तुम्ही विचारलंय, "दोघांपैकी खरं कोण?"

मी नौपाड्यात गेली २८ वर्षं पत्रिका बघते. सासऱ्यांकडून शिकले, पुढे रीतसर अभ्यास केला. उत्तर लांबणार आहे, कारण तुमच्या एका प्रश्नात तीन प्रश्न आहेत. दोन ज्योतिषांत फरक का पडला, हा पहिला. एकनाड आणि मंगळ यांना किती वजन द्यायचं, हा दुसरा. आणि एका आईची झोप उडेल असं बोलायचा अधिकार कुणाला आहे, हा तिसरा. माझ्या मते खरा प्रश्न तिसरा आहे, पण पहिल्याचं उत्तर मिळाल्याशिवाय तुमच्या घरी कुणाच्या घशाखाली घास उतरणार नाही. म्हणून तिथूनच सुरुवात करते.

गणितात दोघंही चुकलेले नाहीत. दोघांनी दोन वेगवेगळ्या वेळांची पत्रिका मांडली आहे.

तुम्ही मुलाची वेळ नुसती "७.१०" लिहिली आहे. सकाळ की संध्याकाळ, ते कुठेच नाही. पण ग्रहस्थिती लिहिलीत ते फार बरं केलंत, त्यामुळे लक्षात आलं. पहिल्या ज्योतिषांच्या पत्रिकेत रवी, म्हणजे सूर्य, सप्तमात (सातव्या स्थानात) आहे, दुसऱ्यांच्या पत्रिकेत रवी लग्नात. हे कुणालाही तपासता येतं, त्यासाठी ज्योतिष यायला लागत नाही. लग्न म्हणजे जन्माच्या वेळी पूर्व क्षितिजावर उगवत असलेली रास. सूर्य उगवल्यावर तासाभरात जन्म झाला, तर रवी लग्नापाशीच सापडणार, पहिल्या किंवा बाराव्या स्थानात. सूर्य नुकताच मावळला असेल तर तो समोर, सहाव्या-सातव्यात सापडणार. दुपारी बाराच्या सुमाराचा जन्म असेल तर वर, दहाव्याच्या आसपास. म्हणजे पहिल्यांनी ७.१० संध्याकाळचे धरले आणि दुसऱ्यांनी सकाळचे. कुणीही उलटून विचारलं नाही.

आता या बारा तासांनी काय उलथापालथ केली ते बघा. चंद्र एक नक्षत्र ओलांडायला साधारण एक दिवस घेतो, एक चरण, म्हणजे नक्षत्राचा चौथा भाग, ओलांडायला सहा तास. बारा तासांत तो दोन चरण पुढे जातो. सकाळी तो हस्ताच्या चौथ्या चरणात होता, संध्याकाळी चित्राच्या दुसऱ्यात. दोन्ही वेळी रास कन्याच. तुमच्या मुलीचं नक्षत्र मृग, रास मिथुन. रास बदलली नाही, म्हणून गुणमेलनात मोजतात त्या आठ बाबींपैकी वर्ण, वश्य, ग्रहमैत्री आणि राशिकूट यांचे गुण जसेच्या तसे राहिले. ताराही दोन्हीकडे चांगली. पण हस्त हे देवगणाचं आणि आद्य नाडीचं, तर चित्रा राक्षसगणाचं आणि मध्य नाडीचं. मृगाचा गण देव, नाडी मध्य. त्यामुळे संध्याकाळच्या पत्रिकेत गणाचे ६ गेले, नाडीचे ८ गेले आणि योनीत एक गुण वाढला. ३३ चे २० झाले ते असे. गणाला काही कोष्टकांत शून्याऐवजी एक गुण देतात, म्हणून कुठे २१ दिसले तर दचकू नका.

मंगळाचंही तेच. बारा तासांत लग्नरास समोरच्या बाजूला जाते, म्हणून सकाळी दुसऱ्या स्थानात असलेला मंगळ संध्याकाळच्या पत्रिकेत आठवा झाला. ग्रह तिथेच होता, घरांचे आकडे फिरले.

तेव्हा आज करायचं काम एकच आहे, आणि ते कुठल्याही ज्योतिषाकडे नाही, मुलाच्या आईकडे आहे. महापालिकेच्या जन्मदाखल्यावर वेळ सहसा नसते, त्यामुळे तो काढून उपयोग नाही. हॉस्पिटलचं डिस्चार्ज कार्ड किंवा बाळाच्या मनगटाला बांधलेली पट्टी बघा. माझ्याकडे आलेल्या कितीतरी बायकांनी ती पट्टी लसीकरणाच्या कार्डाबरोबर प्लॅस्टिकच्या पिशवीत जपून ठेवलेली असते. पिवळी पडलेली, शाई पुसट झालेली, पण वजन आणि वेळ वाचता येते. काहीच नसेल तर आठवण विचारा, पण "किती वाजले होते?" असं विचारू नका. आकडा माणूस विसरतो. मी विचारते, दिवे लागले होते का? डबा कोण घेऊन आलं होतं, सकाळचा चहा की रात्रीचं जेवण? तुमच्याकडे तर आणखी एक सोय आहे. त्या दिवसाची तिथी काढली, तर हनुमान जयंतीच्या आदल्या दिवशीचा जन्म आहे. अशी तिथी घरात सहसा लक्षात राहते. "जन्मानंतर दुसऱ्या दिवशी पहाटे देवळात घंटा वाजत होत्या" एवढं जरी कुणी सांगितलं तरी धागा मिळतो. संध्याकाळचा जन्म असेल तर पूर्वेला जवळजवळ पूर्ण चंद्र वर आलेला असणार. बाहेर बसलेल्या आजोबांना किंवा काकांना तोही आठवू शकतो.

विचारताना एक सांभाळा. "तुमच्या मुलाची वेळ चुकीची दिलीत" असा सूर लागू देऊ नका. "आमच्याकडून सकाळ-संध्याकाळ लिहायचं राहिलं" म्हणा. व्याही व्हायची माणसं आहेत.

ही सकाळ-संध्याकाळची चूक मी वर्षातून बऱ्याच वेळा बघते. मोबाईलवर पत्रिका काढायची सवय लागल्यापासून जास्तच. तिच्याच जोडीची दुसरी चूक मध्यरात्रीची. रात्री साडेबाराला झालेल्या जन्माला घरचे "सोमवारी रात्री" म्हणतात, कारण आपल्या पंचांगाचा वार सूर्योदयाला बदलतो. कागदावर तारीख मात्र मंगळवारची असते. एकाच बाळाच्या दोन तारखा होतात आणि मधला एक अख्खा दिवस इकडचा तिकडे होतो. म्हणून माझ्या वहीत वेळेचा रकाना चोवीस तासांचा आहे, आणि पुढे "आधीची रात्र / नंतरची रात्र" असा वेगळा रकाना. वेळ कुणी सांगितली, आईने, कागदाने की आत्याने, तेही लिहिते. वेळ अंदाजाची असेल तर पानाच्या वर लाल पेन्सिलीने "वेळ नक्की नाही" लिहून ते पान समोरच्याला दाखवते. लग्नरास साधारण दोन तासांत बदलते आणि लग्नाचा नवमांश, म्हणजे राशीचा नववा भाग, तेरा-चौदा मिनिटांत. अर्ध्या तासाचा घोळ असलेल्या टिपणावरून नवमांशाचं भविष्य सांगायचं म्हणजे समोरच्याची फसवणूक आहे, मग सांगणाऱ्याचा हेतू कितीही चांगला असो.

दोन ज्योतिषांत फरक पडायची आणखीही कारणं असतात. तुमच्या बाबतीत ती लागू नाहीत, पण हे वाचणाऱ्या कुणाला तरी उपयोगी पडतील. माझे सासरे रत्नागिरीकडचे, त्यांच्याकडे टिळक पंचांग. ठाण्यात बहुतेक घरांत दाते पंचांग नाहीतर कालनिर्णय. दाते आणि राष्ट्रीय पंचांग चित्रापक्षाचं, म्हणजे चित्रा ताऱ्यावरून राशिचक्र मोजायचं, गणित धरतात. भौतिकशास्त्रज्ञ मेघनाद साहांच्या अध्यक्षतेखालच्या समितीने त्याची शिफारस केली आणि १९५७ पासून केंद्र सरकारचं राष्ट्रीय पंचांग त्यावर निघतं. टिळक पंचांग रेवतीपक्षाचं. राशिचक्राची सुरुवात कुठून मोजायची यात या दोघांत सुमारे ४ अंशांचा फरक आहे. नक्षत्र १३ अंश २० कलांचं असतं, म्हणजे साधारण शंभरातल्या तीस जणांचं नक्षत्र पंचांग बदललं की बदलतं. सासऱ्यांच्या जुन्या वह्यांत ज्यांचं मृग लिहिलंय, त्यातल्या काहींचं माझ्याकडे रोहिणी येतं. सासरे चुकले नाहीत, मीही चुकत नाही. म्हणून मुलाकडची आणि मुलीकडची पत्रिका एकाच गणिताने मांडलेली असणं पहिली अट. एकाची आजोबांनी लिहिलेली जुनी वही आणि दुसऱ्याची मोबाईलवरची पत्रिका शेजारी ठेवून गुण मोजले, तर त्या आकड्याला काही अर्थ उरत नाही.

आजी-आजोबांच्या पत्रिका काढत असाल तर आणखी एक काळजी. मुंबईत प्रमाणवेळेच्या ३९ मिनिटं मागे असलेली "मुंबई टाइम" १९५५ पर्यंत चालू होती, आणि दुसऱ्या महायुद्धात १ सप्टेंबर १९४२ ते १५ ऑक्टोबर १९४५ पर्यंत घड्याळं तासभर पुढे होती. त्या काळातल्या टिपणांवर कुठली वेळ लिहिली आहे, ते विचारल्याशिवाय मी पत्रिका मांडत नाही.

आता दुसरा प्रश्न. समजा, मुलाच्या आईने सांगितलं की जन्म संध्याकाळचाच. मग पहिले ज्योतिषी बरोबर ठरले का?

गणितापुरते, हो. एकनाड आहे, मंगळ आठवा आहे. पण त्यावरून त्यांनी जे सांगितलं, ते मला मान्य नाही. का, ते नाडीपासून सांगते. सत्तावीस नक्षत्रांचे नऊ-नऊचे तीन गट केलेत: आद्य, मध्य, अंत्य. गट तीनच, म्हणजे कुठल्याही दोन अनोळखी माणसांची पत्रिका शेजारी ठेवली तरी साधारण तीनपैकी एका जोडीत एकनाड निघणार. ठाणे स्टेशनवर उतरणाऱ्या नवराबायकोंतल्या तीनपैकी एका जोडीची एकनाड असेल, आणि त्यातल्या बहुतेकांनी पत्रिका बघितलेलीही नसेल. ज्या गोष्टीचा प्रसाद तीनपैकी एका घराला मिळतो, तिला "जिवाला धोका" म्हणायचं तर शहर रिकामं व्हायला हवं होतं. शास्त्रकारांनाही हे कळत होतं, म्हणून तर परिहार, म्हणजे दोष न धरायचे अपवाद, सांगून ठेवलेत. नक्षत्र एक पण चरण वेगळे, रास एक पण नक्षत्रं वेगळी, नक्षत्र एक पण राशी वेगळ्या, अशा वेळी दोष धरत नाहीत. तुमच्याकडे मृग आणि चित्रा, त्यामुळे हे तीन परिहार बसत नाहीत. दोघांचा राशिस्वामी एकच, बुध, हा परिहार काही परंपरा मानतात. माझ्या सासऱ्यांच्या वहीत तो नाही, म्हणून मी त्यावर भर देत नाही. हे तुम्हाला मुद्दाम सांगतेय. उद्या एखादा तिसरा ज्योतिषी "राशिस्वामी एक, दोष गेला" म्हणेल, तेव्हा तो खोटं बोलतोय असं समजू नका, आणि चमत्कार झाला असंही समजू नका.

नाडीदोष संततीसाठी बघतात. त्यावरून "नाडी म्हणजे रक्तगट" असं हल्ली सगळीकडे पसरलंय. नाडीचा रक्तगटाशी काडीचाही संबंध नाही. नाडी चंद्राच्या नक्षत्रावरून ठरते, रक्तगट आईवडिलांकडून येतो. संततीची काळजी खरोखर असेल, तर मी माझ्याकडे येणाऱ्या प्रत्येक जोडीला एकच सांगते: दोघांनी थॅलेसेमियाची रक्ततपासणी करून घ्या. डॉक्टर त्यासाठी एचबीए-टू बघायला सांगतात. दोघंही वाहक असतील तर प्रत्येक गरोदरपणात २५ टक्के शक्यता असते की बाळाला थॅलेसेमिया मेजर होईल. त्या बाळाला मग आयुष्यभर रक्त चढवत राहावं लागतं. एकच जण वाहक असेल तर ती भीती नाही. सिंधी समाजात वाहकांचं प्रमाण जास्त आहे, त्यामुळे उल्हासनगरकडच्या घरांना हे आधीच माहीत असतं. आपल्या लोकांत अजून नाड विचारतात आणि ही तपासणी विचारायला लाजतात. मुलीचा रक्तगट निगेटिव्ह आणि मुलाचा पॉझिटिव्ह असेल तर तेही डॉक्टरांना आधी सांगून ठेवा, त्यावर अँटी-डी नावाचं इंजेक्शन आहे. दोन्ही गोष्टींत लग्न मोडायचं कारण नाही, माहीत असण्याचं कारण आहे.

मंगळाचं बोलते. आपल्याकडे लग्नस्थानापासून पहिल्या, चौथ्या, सातव्या, आठव्या आणि बाराव्या स्थानातला मंगळ धरतात. बारापैकी पाच स्थानं, म्हणजे शंभरात साधारण ४२ माणसं "मंगळाची". काहीजण चंद्रापासून आणि शुक्रापासूनही मोजतात. तसं धरलं तर तिन्हीकडून सुटणारा माणूस पाचात एखादाच. म्हणजे पाचपैकी चार जण मंगळाचे! ज्या चाळणीत ऐंशी टक्के लोक अडकतात, ती चाळणी काही निवडत नाही. आणखी एक बघा. दक्षिणेत पहिल्याऐवजी दुसरं स्थान धरायची पद्धत आहे. तुमच्या मुलाचा सकाळचा मंगळ दुसऱ्यात आहे. कळव्यात तो मुलगा निर्दोष, आणि तीच पत्रिका चेन्नईला नेली तर मंगळाची. शिवाय मंगळ स्वतःच्या मेष-वृश्चिकेत किंवा मकरेत उच्च असेल, गुरूची दृष्टी असेल, समोरच्या पत्रिकेतही मंगळ असेल, तर तो सौम्य धरायचा असं सगळेच शिकलेले असतात. शिकलेलं समोर बसलेल्या आईला सांगायचं की नाही, इथे माणसं वेगळी होतात.

मग मी स्वतः हे सगळं बघते कशाला, असं तुम्ही विचाराल. रास्त आहे. जयंत नारळीकरांनी पुण्यात २००८ मध्ये एक चाचणी घेतली होती. हुशार मुलांच्या आणि मतिमंद मुलांच्या पत्रिका मिसळून ज्योतिषांना दिल्या आणि कुठली कुणाची ते ओळखायला सांगितलं. २७ ज्योतिषांनी प्रत्येकी ४० पत्रिका बघून उत्तरं पाठवली. सरासरी ४६ टक्के बरोबर आली, म्हणजे नाणं उडवून जमलं असतं तेवढीही नाही. आमच्या व्यवसायात त्यावर खूप रागावून बोललं गेलं. मी तो निकाल गंभीरपणे घेतला. तेव्हापासून "अमुक होणार" हे वाक्य मी तोंडातून काढत नाही. पत्रिका समोर असली की माणूस बोलायला लागतो, एरवी घरात न निघणारे विषय निघतात, हे मात्र मी रोज अनुभवते. मुलीची सप्तमस्थान-चर्चा करता करता ती हळूच म्हणते, "काकू, त्याच्या आईवडिलांजवळच राहायचं आहे, पण मला विचारलंच नाही कुणी." तिथून खरी बैठक सुरू होते. माझ्या कामाचा उपयोग तेवढा आहे, आणि तेवढा मला पुरेसा वाटतो.

हे शहाणपण मला सुरुवातीपासून नव्हतं. व्यवसायाच्या तिसऱ्या-चौथ्या वर्षी एक स्थळ माझ्याकडे आलं होतं. मुलगा-मुलगी एकमेकांना ओळखत होते, दोघांचं नक्षत्र एकच. मी कोष्टक बघितलं, एकनाड दिसली आणि सरळ "नको" म्हणून सांगितलं. चरण वेगळे होते, परिहार होता. मी तो बघितलाच नाही, कारण मागे चार माणसं ताटकळत बसली होती. स्थळ मोडलं. काही वर्षांनी ती मुलगी मला राम मारुती रोडवर भेटली. ओळख देऊन थांबली, रागावली नाही. एवढंच म्हणाली, "काकू, तुम्ही तेव्हा आम्हाला दोघांना आत बोलावलंसुद्धा नाहीत." मी घरी येऊन जुनी वही काढली, आणि चरण वेगळे असल्याचं त्या दिवशी मला पहिल्यांदा दिसलं. ते पान अजून मी मोडून ठेवलंय. तेव्हापासून एका दिवसात तीनपेक्षा जास्त पत्रिका घेत नाही, आणि ज्यांचं लग्न आहे ते दोघं आल्याशिवाय गुणमेलन करत नाही. आईवडिलांनी बाहेर बसायचं.

आता तिसरा प्रश्न, आणि इथे मी स्पष्ट बोलणार आहे. मृत्यूचं भाकीत कुणी करायचं नसतं. माझ्या सासऱ्यांनी शिकवायला बसवलं तेव्हा पहिल्या दिवशी हाच नियम सांगितला होता, पंचांग उघडायच्याही आधी. आयुष्ययोग शिकायचा, पण समोरच्याला सांगायचा नाही. खरा ठरला तर तुमच्या सांगण्याने काही वाचत नाही, आणि खोटा ठरला तर तोवरची सगळी वर्षं त्या घराने भीतीत काढलेली असतात. तुमच्या मुलीची आई आज जे भोगते आहे, ते ग्रहांनी केलेलं नाही, एका वाक्याने केलंय.

दुसरं, ज्याने दोष सांगितला त्यानेच शांतीचे पैसे घ्यायचे, हे मला पटत नाही. मी पत्रिका बघण्याचे ठरलेले पैसे घेते, ते दारातच लिहिलेले आहेत. शांत करत नाही, खडे विकत नाही, कुठल्या गुरुजींकडून वा खड्यांच्या दुकानातून काही घेत नाही. निदान करणाऱ्याच्या हातात औषधाचं दुकान असलं की निदान हळूहळू दुकानाच्या बाजूने झुकतं. माणूस वाईट नसला तरी झुकतं. आणि "अकरा दिवसांच्या आत" ही मुदत कुठून आली? साखरपुड्याची तारीखही अजून ठरलेली नाही असं तुम्हीच लिहिलंय. अशी मुदत लागली की माणूस विचार करायचा थांबतो, आणि पैसे तेव्हाच सुटतात.

शांत करूच नका, असं मी म्हणत नाही. हे घरावर अवलंबून आहे. काही घरांत उदकशांत केल्याशिवाय कार्याला सुरुवात होत नाही, आणि त्यात काही वावगं नाही. मुलीच्या आईचं मन त्याने शांत होणार असेल, तर तुमच्या नेहमीच्या गुरुजींना घरी बोलवा, रीतसर दक्षिणा द्या, नातेवाईक जेवू घाला. आनंदाने केलेलं कार्य आणि भीतीने फेडलेली खंडणी यांतला फरक त्या माउलीला घरात लगेच जाणवेल.

आणखी एक, जरा नाजूक. तुम्ही प्रश्नात मुलाचं पूर्ण नाव, जन्मतारीख, वेळ आणि ठिकाण लिहिलं आहे. ते आधी काढून टाका. त्याला विचारलेलं नाही असं वाटतं. पत्रिका ही माणसाची खासगी गोष्ट, ती त्याच्या परवानगीशिवाय दुसऱ्याला दाखवायची नसते. माझ्याकडे कुणी "भावी जावयाची गुपचूप बघून द्या" म्हणून आलं, तर मी बघत नाही. म्हणून या उत्तरात मी त्याची तारीख लिहिलेली नाही.

आतापर्यंतचं जमवून सांगायचं तर: जन्म सकाळचा निघाला, तर गुणमेलनाने तुम्हाला काहीच अडवलेलं नाही, ३३ गुण कुठल्याही कोष्टकात उत्तम. संध्याकाळचा निघाला, तरी २० गुण आहेत, १८ पासून स्वीकारायची रूढी आहे. एकनाड आणि आठवा मंगळ राहतात. मी तुमच्या जागी असते तर त्यासाठी दोघांची रक्ततपासणी करून घेतली असती आणि पुढे गेले असते. वेळ कळलीच नाही, तर लग्नरास आणि मंगळ बाजूला ठेवायचे आणि ज्योतिषाकडून उत्तर मिळणार नाही हे मान्य करायचं.

आणि गुण कितीही निघोत, त्या दोघांना एकत्र बसवून चार गोष्टी विचारा. लग्नानंतर राहणार कुठे, कळव्याला त्याच्या घरी, ऐरोलीजवळ, की वेगळं भाड्याने? दोघांच्या डोक्यावर कर्ज किती? त्याच्या आईवडिलांचं म्हातारपण आणि तुमचं म्हातारपण, दोन्हींची जबाबदारी कोण कशी घेणार? घरात कुणाला मोठा आजार आहे का, आणि तो एकमेकांना सांगून झालाय का? मी ऐरोली-ठाणे लोकलने येणाऱ्या जोडप्यांना हेच विचारते, आणि यातल्या दुसऱ्या प्रश्नावर बऱ्याचदा खोलीत शांतता पसरते. ती शांतता लग्नाच्या आधी पसरलेली बरी.

मुलीच्या आईला हे उत्तर वाचून दाखवा. पत्रिकेतला रवी कुठे आहे, ते त्यांना स्वतःच्या बोटाने दाखवू द्या, दोन्ही कागद शेजारी ठेवून. त्यांना स्वतः दिसलं की माझ्या शब्दावर विश्वास ठेवायची गरज उरणार नाही. मग उद्या-परवा कळव्याला फोन करा, दिवे लागले होते का ते विचारा. वेळ कळली की इथे लिहा, मी दोघांच्या पत्रिका एकाच गणिताने मांडून बघेन. तोवर ५१ हजारांतला एक रुपयाही कुणाला देऊ नका.